शुगर कंट्रोलमध्ये आहे, पण खुर्चीतून उठवत नाही: डायबेटिस असलेल्या ज्येष्ठांचे स्नायू टिकवायचे कसे

साठी-सत्तरीतल्या डायबेटिसवाल्या माणसाची चौकशी करताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, शुगर किती? एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, साडेसहा आला की घरात सगळे खूश, डॉक्टर खूश, पेशंटही खूश. पण त्याच माणसाला कमोडवरून उठताना हँडल धरावं लागतं, एसटीची पायरी चढताना कुणीतरी हात द्यावा लागतो, पँटचा पट्टा दोन भोकं आत गेलाय, आणि हे कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. विचारलं तर उत्तर तयार, "वय झालं आता, चालायचंच."

वयाने स्नायू कमी होतात हे खरंच आहे. त्याला सार्कोपेनिया म्हणतात, हे नाव आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन पोषणतज्ज्ञाने १९८९ मध्ये वापरात आणलं. पण डायबेटिस असेल तर ही झीज जास्त वेगाने होते. इन्सुलिन फक्त साखर उतरवण्याचं काम करत नाही, स्नायू मोडू न देण्याचंही करतं, आणि तेच नीट काम करत नसेल तर दोन्हीकडून मार बसतो. त्यात पायाच्या नसा कमजोर, मग हालचाल कमी, मग अजून झीज. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. जेवणानंतर इन्सुलिन जी साखर रक्तातून उचलायला लावतं तिचा सगळ्यात मोठा वाटा स्नायूंमध्ये जातो, म्हणजे स्नायू हे शरीरातलं साखरेचं कोठार, आणि कोठारच लहान झालं तर तेवढ्याच दोन पोळ्यांना शुगर जास्त चढते.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्यामुळे "आमचे बाबा बारीकच आहेत, त्यांना काय प्रॉब्लेम" हे वाक्य विसरा. वजनकाटा बरोबर दाखवत असतो, पण त्यात स्नायू किती आणि चरबी किती ते तो सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या घराघरात म्हाताऱ्या डायबेटिक माणसावर जो इलाज चालतो, म्हणजे चाल आणि कमी खा, तो अर्धाच आहे. चालणं शुगरला, हृदयाला, मनाला सगळ्याला चांगलं, बंद अजिबात करू नका, पण त्याने मांड्यांमध्ये ताकद फारशी वाढत नाही. आणि कमी खाऊन जे वजन उतरतं त्यात स्नायूही उतरतात. तर आता करायचं काय ते एकेक करून बघू.

आधी मोजून घ्या

घरच्या घरी अर्ध्या तासात होतं. लागतं काय तर शिंप्याची टेप, मोबाईलचा स्टॉपवॉच आणि हात नसलेली एक साधी खुर्ची, प्लास्टिकची घसरणारी नको.

पहिली पिंढरी. खुर्चीवर बसवायचं, पाय जमिनीवर सरळ टेकवलेले, पिंढरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे टेप गुंडाळायची, आवळायची नाही. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने जे निकष ठरवले त्यात पुरुषांमध्ये ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि बायकांमध्ये ३३ पेक्षा कमी असेल तर पुढे तपासा असं सांगितलंय. पायाला सूज असेल तर मात्र हा आकडा फसवतो, बोट दाबलं की खड्डा पडतोय का बघा.

दुसरी टेस्ट खुर्चीची, माझ्या मते सगळ्यात कामाची. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, दोन्ही हात छातीवर घडी घालून, आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून परत बसायचं, जमेल तितकं भराभर. तुम्ही बाजूला उभे राहा, पडायला नको. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी झालीय असं धरायचं. हात न लावता एकदाही उठता आलं नाही तर सेकंद मोजायची गरजच नाही, उत्तर मिळालं. गुडघ्याच्या दुखण्यामुळे उठता येत नसेल तर ते वेगळं लिहून ठेवा, डॉक्टर विचारतील.

मग चाल. हॉलपासून पॅसेजपर्यंत ६ मीटर मोजून खुणा करा, खुणेच्या थोडं आधीपासून नेहमीच्या चालीने चालायला सांगा. ६ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग कमी आहे. हाताच्या पकडीचं मशीन फिजिओकडे असतं, त्यात पुरुषांना २८ किलो आणि बायकांना १८ किलो ही रेघ, त्याखाली असेल तर पकड कमी. घरी मशीन नाही तर एवढं विचारा, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडतं का, पाच किलोची पिठाची पिशवी उचलून ओट्यावर ठेवता येते का, एक मजला न थांबता चढता येतो का, गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात. शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळेलच असं नाही, "पडलो नाही, जरा तोल गेला" असं म्हणतील, ते पडलेच धरा.

उठायला वेळ लागतोय किंवा पकड कमी आहे एवढ्यावर कामाला लागायला हरकत नाही. स्नायू नेमके किती आहेत हे बघायला डेक्सा स्कॅन लागतो, पण त्याची वाट बघत बसू नका. सगळे आकडे तारीख घालून शुगरच्या फाइलमध्येच लिहा.

मग औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरकडे

व्यायाम आणि आहार बदलायच्या आधी ही फेरी करायचीच, टाळू नका, कारण व्यायाम वाढला की शुगर उतरते आणि गोळ्या त्याच राहिल्या तर ती जास्तच उतरते. इन्सुलिन चालू असेल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यातली गोळी असेल तर हे आधी बोला. म्हाताऱ्या माणसाला शुगर किती कडक ठेवायची हेही विचारा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनात तब्येत चांगली असलेल्या ज्येष्ठांना एचबीए१सी ७ ते ७.५ च्या खाली आणि बरेच आजार असलेल्यांना ८ च्या खाली पुरे असं आहे. म्हणजे ८० वर्षांच्या, तीन आजार असलेल्या आजीला ६.२ आला तर पेढे वाटायचे नाहीत, रात्री शुगर उतरत नाही ना ते तपासायचं.

वजन न सांगता उतरतंय का हेही सांगा. सहा महिन्यांत ५ टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो, मुद्दाम काही न करता गेले तर तो धोक्याचा इशारा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि वजन थोडं उतरतं, सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडने भूकच मरते आणि बरंच उतरतं, त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. औषधं वाईट नाहीत, हृदय-किडनीला यातल्या काहींचा चांगला उपयोग आहे, पण आधीच काटकुळ्या असलेल्या पंच्याहत्तरीच्या माणसाला द्यायची का हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. स्वतःच्या मनाने गोळी मात्र बंद करायची नाही.

तपासण्यांमध्ये बी१२ करून घ्या, मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं कमी होतं आणि पाय बधिर होण्यात त्याचाही हात असू शकतो. व्हिटॅमिन डी बघा, पण ती ६०,००० युनिटची पुडी कुणीतरी एकदा लिहून दिली म्हणून वर्षभर दर आठवड्याला घेत राहायची नाही, फार मोठ्या डोसने ज्येष्ठांचं पडणं वाढल्याचंही संशोधनात दिसलंय.

आणि किडनी. इथे एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रक्तातलं क्रिएटिनीन बघून किडनीचं काम जोखतात, पण ते स्नायूंमधूनच तयार होतं, त्यामुळे स्नायू कमी असलेल्या माणसाचं क्रिएटिनीन 'नॉर्मल' दिसतं आणि किडनी आहे त्यापेक्षा बरी वाटते. म्हणून नुसता क्रिएटिनीनचा आकडा नको, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज, पण तोही सहसा क्रिएटिनीनवरूनच काढतात) आणि लघवीतलं अल्ब्युमिन दोन्ही बघा, शंका असली तर सिस्टॅटिन सी नावाची, स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली टेस्ट असते. हे कळल्याशिवाय पुढचं प्रोटीन प्रकरण सुरू करू नका.

ताट बदला

ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन हवं, आजारी किंवा खूप खंगलेल्यांना १.२ ते १.५. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. ईजीएफआर ३० च्या खाली आहे आणि डायलिसिस चालू नाही, अशांनी हा आकडा वाचून प्रोटीन वाढवायचं नाही. ३० च्या वर पण किडनीचा त्रास आहे त्यांनी किडनीच्या डॉक्टरला (नेफ्रॉलॉजिस्ट) विचारून आकडा ठरवायचा.

आता आपलं शाकाहारी घरातलं साधं जेवण बघा. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, थोडा भात, ताक, रात्री भाकरी आणि आमटी. दिवसभराचा चहा धरून गोळाबेरीज ३५-४० ग्रॅमच्या पुढे जात नाही. त्यात डायबेटिस झाल्यापासून एक पोळी कमी, रात्री नुसतं सूप, सकाळी कारल्याचा रस. एवढ्या कमी खाण्यात जे प्रोटीन जातं तेही शरीर सरपण म्हणून जाळून टाकतं. म्हणजे प्रोटीन वाढवताना एकूण पोटभर खाणंही हवं, बारीक झालेल्या माणसाला पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवायचं नाही.

वाढवायचं कसं? पावडरच्या डब्याकडे लगेच धावू नका, आधी स्वयंपाकघरात बघा. वरण पातळ नको, घट्ट करा, माणशी निदान ३० ग्रॅम कोरडी डाळ पडली पाहिजे, त्यातून ७ ग्रॅमच्या आसपास मिळतं. बरोबर मटकी किंवा मुगाची उसळ, वाटीभर दही. सकाळी पोह्यांच्या जागी मूगडाळीची दोन धिरडी आणि दही, किंवा खाणाऱ्यांनी दोन अंडी आणि कपभर दूध, एका अंड्यात ६ ग्रॅम असतं. संध्याकाळी बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे. रात्री पिठलं-भाकरी आणि ५० ग्रॅम पनीर. एवढं केलं तरी ६५ च्या जवळ जातं. सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम कोरड्या घेतल्या तर १३ ग्रॅम मिळतं, हे सगळ्यात स्वस्त पडतं, चव नाही आवडत म्हणणाऱ्यांनी मिक्सरमधून काढून भाजीच्या रश्श्यात घाला, कुणाला कळत नाही. कोकणातल्या, गोव्यातल्या मासे खाणाऱ्यांना हे सगळं सोपं आहे, फक्त सुका बोंबील-खारं रोज नको, मीठ फार असतं.

म्हाताऱ्या शरीराला एका वेळी थोडं प्रोटीन दिलं तर स्नायू बांधायचं काम नीट सुरूच होत नाही, म्हणून दर जेवणाला २५ ग्रॅमच्या जवळ जायचा प्रयत्न करायचा. नाश्त्याला बहुतेक वेळा कमी पडतंच, १५ तरी गाठा. दात नसतील तर फुटाण्याचं पीठ ताकात, मऊ धिरडं, अंड्याची भुर्जी, दह्यात कालवलेलं उडदाचं डांगर असे प्रकार करा. कवळी सैल आहे म्हणून आई महिनोन्‌महिने मऊ भातावर राहते आणि सांगत नाही, हे फार घरांत असतं, विचारून घ्या.

उपासाचं काय? सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय चातुर्मास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शुगर वर आणि प्रोटीन नावाला. उपास सोडा असं मी म्हणत नाही, म्हणूनही कुणी ऐकत नाही, पण राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, पनीर, दूध असा उपास करता येतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असलेल्यांनी निर्जळी वगैरे प्रकार डॉक्टरला न विचारता करायचे नाहीत.

आता खरा व्यायाम

"या वयात वजनं उचलायची?" हो, याच वयात. १९९० मध्ये बोस्टनला नव्वदीच्या आसपासच्या, नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या दहा लोकांना आठ आठवडे पायाचे वजनाचे व्यायाम दिले, ज्यांनी ते पूर्ण केले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुमचे बाबा अडुसष्टचे आहेत.

आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी देऊन. जेवणानंतर तास-दोन तासांनी, रिकाम्या पोटी नको. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर आधी शुगर बघा, ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. पायात मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट, अनवाणी नको, स्लिपर तर नकोच नको, आणि पाय बधिर असतील तर झाल्यावर तळवे बघायचे, फोड-जखम कळतच नाही. पायाला जखम असेल तर उभ्याचे व्यायाम बंद, बसून करा. छातीत दुखणं, धाप, हृदयाचा त्रास, डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव किंवा नुकतंच लेझर झालेलं, अशांनी परवानगी घेतल्याशिवाय सुरू करू नका.

मुख्य व्यायाम खुर्चीतून उठणं-बसणं, तेच जे टेस्टमध्ये केलं. जरा नीट सांगतो कारण सगळे चुकीचं करतात. सीटच्या पुढच्या कडेला सरकून बसा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, अंग पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे, आणि मग श्वास सोडत उठा. उठायला दोन आकडे, बसायला चार आकडे मोजायचे. धपकन बसायचं नाही, खाली हळू येण्यातच अर्धा व्यायाम आहे. उठताच येत नसेल तर सीटवर जाड उशी ठेवून उंची वाढवा किंवा एका हाताने टेबलाचा आधार घ्या. ८ ते १२ वेळा, मग दोन मिनिटं आराम, परत एकदा. शेवटचे दोन जड जायला हवेत. बारा सहज होतात आणि गप्पाही चालू आहेत, तर मग आता पुढची पायरी. आधी आधाराचा हात काढा, मग उशी काढा, मग छातीशी एक लिटरची पाण्याची बाटली धरा, मग दोन, मग पाठीवर सॅक अडकवून त्यात तांदळाच्या पुड्या. लोक इथेच थांबतात, पहिल्या महिन्यात जे करत होते तेच वर्षभर, आणि म्हणतात फरक पडत नाही. वजन वाढवलं नाही तर स्नायूला वाढायचं कारणच मिळत नाही.

बाकीचे चटकन सांगतो. ओट्याला धरून टाचा वर उचलणं. ओट्यालाच धरून पाय बाजूला नेणं. भिंतीवर हात टेकून पुशअप्स. रबराचा बँड खिडकीच्या गजाला अडकवून बसल्या जागी दोन्ही कोपरं मागे खेचणं. गादीवर पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून वर-खाली. पकडीसाठी ओला टॉवेल पिळा. रोज ओट्याजवळ एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे टाचेला बोट लावून ३० सेकंद उभं राहा, हा तोल सांभाळायचा व्यायाम, तोही पडणं टाळण्यासाठी हवाच. श्वास कुठेही रोखायचा नाही, कुंथायचं नाही, डोळ्यांचा आणि बीपीचा त्रास असलेल्यांनी तर मुळीच नाही. नाडी मोजत बसू नका, बीपी-हृदयासाठी बीटाब्लॉकरची (नाडी मंद करणारी) गोळी असेल तर ती फसवते. बोलता येतंय पण गाता येणार नाही इतपत दम लागला की पुरे.

हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं वाटणं असं काही झालं तर थांबा, शुगर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत बघा. मशीन जवळ नसेल तर बघत बसू नका, साखर द्या. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, गोळीत वोग्लिबोज किंवा अकार्बोज असेल (ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत बऱ्याचदा असतं, पाकिटावर वाचा) तर घरची साखर लवकर चढत नाही, त्यांच्यासाठी मेडिकलमधली ग्लुकोज पावडरच लागते. आणि संध्याकाळी व्यायाम केला तर शुगर रात्री उतरू शकते, सुरुवातीचे काही दिवस झोपण्याआधी बघत जा.

आजारपणात काय

महिन्यांची कमाई इथे आठवड्यात जाते. ज्येष्ठांना नुसतं दहा दिवस बेडवर ठेवलं तर पायाचे जवळपास एक किलो स्नायू गेले असं एका प्रयोगात दिसलं, आणि ती माणसं आजारी नव्हती. म्हणून डेंग्यू, न्यूमोनिया, ऑपरेशन काहीही असो, रोज राउंडला डॉक्टरांना विचारा, आज खुर्चीत बसवू का, बाथरूमपर्यंत चालवू का. जेवण खुर्चीतच द्या. झोपूनच राहायचं असेल तर तासातासाला घोटे वर-खाली आणि मांडी आवळणं-सोडणं. भेटायला येणाऱ्यांना नारळपाणी-फळांऐवजी उकडलेली अंडी किंवा पनीर आणायला सांगा, हसतील, हसू दे.

तीन महिन्यांनी परत टेप काढा

पिंढरी लगेच वाढणार नाही, नाराज होऊ नका, आधी ताकद येते आणि आकार मागून, तोही थोडाच. खुर्चीचे सेकंद कमी झाले, वजन टिकलं, की चाललंय ते बरोबर, फक्त बाटलीचं वजन वाढवत राहा. खाणं आणि व्यायाम दोन्ही मनापासून करूनही सेकंद वाढतायत किंवा वजन उतरतच चाललंय, तर मात्र वयावर ढकलू नका. डायबेटिसमध्ये टीबीचा धोका जास्त असतो, छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या. थायरॉइड बघा. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिनच्या गोळीने अंग दुखतंय का विचारा. जोडीदार गेल्यानंतर किंवा मुलं परदेशी गेल्यावर जेवणावरची वासनाच उडालीय का, तेही बघा, डिप्रेशन म्हाताऱ्यांमध्ये असंच दिसतं आणि त्याला औषध आहे. डॉक्टरकडे जाताना ती तारखा घातलेली फाइल बरोबर न्या.